सासऱ्याच्या नावावरची हजेरी

आधीच सांगून टाकते, मला फसवलं गेलं. फसवणारा परका असता तर मी मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या असत्या आणि कामाला लागले असते. पण तो आपल्यातला माणूस होता. माझ्याशी अहिराणीत बोलायचा, मला बहीण म्हणायचा. म्हणून तर आजही त्याची आठवण निघाली की डोक्यात तिडीक जाते.

मी सुरतेच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. कंत्राटावर, म्हणजे दर जूनला पुन्हा बोलावतील की नाही याची वाट बघत. माहेर नंदुरबारचं, सासर इथलंच, सुरतेतल्या उधन्याचं. वर्गात गुजराती बोलते, पोरं अडली की हिंदीवर येते, आणि मागच्या बाकावर पांडेसऱ्याच्या मराठी वस्तीतल्या मुली तोंड पाडून बसलेल्या दिसल्या की मराठीवर. माझ्या या खिचडीला बाकीचे प्राध्यापक नाक मुरडायचे. आमच्या विभागप्रमुख सरांना मात्र ती आवडायची. ते अमळनेरकडचे. "आपलीच पोरं आहेत, त्यांना आपल्या बोलीत कळलं पाहिजे," असं ते स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत म्हणायचे, आणि मला बरं वाटायचं.

त्या वर्षी कॉलेजच्या वरच्या मजल्याचं काम निघालं. खोल्या कमी पडल्या, म्हणून बी.ए.च्या शेवटच्या सत्राचे आमचे सगळे तास ऑनलाइन घ्यायचे ठरले. पहिल्या तासाला पडद्यावर नुसते काळे चौकोन. कुणाच्या मागे लूम खडखडतोय, कुणी रिक्षात बसलेलं, कुणी आवाज बंद करून बहुतेक जेवत असावं. मी भिंतीशी बोलल्यासारखी बोलत होते. त्यात एका चौकोनावर एका पुरुषाचं पूर्ण नाव होतं, बापाच्या नावासकट. असं नाव माझ्या वर्गात नव्हतं. आणि त्या चौकोनातून घोरण्याचा आवाज येत होता. चांगला खणखणीत.

मी म्हटलं, "काका, तुम्ही कोण? मागणी आणि पुरवठा तुम्हाला शिकायचाय का?"

तिकडून आधी खुदखुद ऐकू आली. मग एका मुलीचा दबका आवाज, "मॅडम, ते माझे सासरे. झोपलेत. आम्ही आहोत, मॅडम, चौघी."

ही मुलगी माझ्या ओळखीची होती. दुसऱ्या वर्षाला असताना लग्न झालं, तरी कॉलेज सोडलं नव्हतं. नवऱ्याची धाकटी बहीण याच वर्गात, आणि बाकीच्या दोघी त्याच इमारतीतल्या. चौघींत फोन एकच, सासऱ्यांचा. ते पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये रात्रपाळीला जायचे आणि दिवसा त्याच खोलीत, पातळ पडद्यामागे झोपायचे, म्हणून दिवसा फोन मोकळा. चौघी साड्यांवर खडे चिकटवायचं काम घेऊन बसायच्या. फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवलेला, हात गोंदाने बरबटलेले, कान माझ्याकडे. कॅमेरा लावणार कसा, आणि लावला तर पडद्यामागे झोपलेला माणूस दिसणार.

मी म्हटलं, "निदान नाव तरी बदला गं. तिथं बोट लावलं की बदलतं."

तिने आवाज आणखी खाली आणला. मग म्हणाली, "जित्या माणसाचं नाव कसं पुसू, मॅडम? आणि ते पण सासऱ्यांचं."

मला हसू आलं आणि कळलंही. आमच्यात सून सासऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही. माझी सासू अजून माझ्या आजेसासऱ्यांना 'घरातले मोठे' म्हणते. तिथं या पोरीने ते नाव पुसून स्वतःचं लिहायचं, म्हणजे घरात अपशकुन झाला म्हणून कालवा. नणंदेला सांगावं, तर ती म्हणे बापाचा फोन आहे, मी कशी हात लावू. राहू दे म्हटलं.

पण मग हजेरीचं काय? कॉलेजचं सॉफ्टवेअर नावं मोजायचं. मी माझ्यापुरता मार्ग काढला, तो आवाजाचा. तास सुरू झाला की मी एकेकीला हाक मारायची, आणि तिने नुसतं हाजर नाही म्हणायचं, कालच्या धड्यातलं एक वाक्य आपल्या घरातलं उदाहरण घेऊन सांगायचं. सुनेचा आवाज सगळ्यांत आधी यायचा. एकदा तिने सांगितलं, साडीची फॅशन गेली की गोदामात माल पडून राहतो आणि आमच्या घरी कामाच्या साड्यांची गोणी यायची थांबते, मग सासू चहात दूध कमी घालते, ही मागणी. मी चाट पडले. ज्यांना त्या वेळी येता यायचं नाही, त्यांच्यासाठी मी धड्याचे छोटे छोटे तुकडे फोनवर बोलून पाठवायची. इच्छापोरला कामाला जाणारा एक मुलगा ते बसमध्ये ऐकायचा. हळूहळू काळ्या चौकोनांतून माणसं बोलायला लागली. आजवर शिकवलेल्या कुठल्याही वर्गात मला एवढी मजा आली नव्हती.

तरी मला धाकधूक होतीच. या पोरीला मिळालेली मुदत मला माहीत होती. सासूने तिला स्पष्ट सांगितलं होतं, हे शेवटचं सत्र आहे, परीक्षा दे आणि सुट. परीक्षा राहिली तर पुन्हा कॉलेजचं नाव काढायचं नाही. तिला बी.एड. करून शिक्षिका व्हायचं होतं. पदवी मिळाली तर घर पुढचं मानणार होतं. सगळं त्या एका परीक्षेवर होतं. म्हणून मी सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. एका फोनवर चौघी, नाव सासऱ्यांचं, आवाजाची हजेरी माझी. काय करू? वेगळे फोन आणायला सांगू की एकेकीला कॉलेजात बोलावून घेऊ?

सर हसले. "बरोबर आहे तिचं, आपल्यात सून असं नाव पुसत नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कशाला त्रास देतेस पोरींना? तू शिकव. हजेरीचं ऑफिसला मी सांगतो. तू काय काळजी करू नको बहीन, मी शे ना."

मी शे ना, म्हणजे मी आहे ना. माझे वडील हेच म्हणायचे. माझा जीव भांड्यात पडला. पुढच्या तासाला मी मुलींना सांगून टाकलं, तुमचा आवाज आला की हजेरी लागली, आवाज पुरे.

सत्र संपत आलं तेव्हा बाहेरून तपासणीसाठी मंडळी येणार होती. सरांनी मला बोलावलं. म्हणाले, त्या दिवशी आपण ऑनलाइन शिक्षणात सगळ्यांना सामावून कसं घ्यायचं यावर कार्यक्रम ठेवलाय, तुझ्या एखाद्या तासाचं रेकॉर्डिंग दे. मी चांगलं शोधून दिलं, चहात दूध कमी घालणाऱ्या सासूचं. मुलींनाही विचारलं. त्या लाजल्या, पण खूश झाल्या. सून म्हणाली, "मोठ्या लोकांसमोर आमचा आवाज, मॅडम?"

कार्यक्रमाच्या दिवशी मी मागच्या रांगेत बसले होते. सर व्यासपीठावर. त्यांनी पडद्यावर फोटो दाखवले, पांडेसऱ्याच्या चाळींचे, कोसाडच्या वसाहतीचे, कुणी काढले देव जाणे. मग रेकॉर्डिंग लावलं. सभागृहात त्या पोरीचा आवाज घुमला, मागे सासऱ्यांचं घोरणं. लोक हसले, मग टाळ्या वाजल्या. सर म्हणाले, "ही पद्धत आमच्या विभागात मी सुरू केली. एकच फोन असला तरी चौघी शिकतात. आम्ही कुणालाही बाहेर ठेवत नाही." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. बोचलं मला, खोटं कशाला बोलू. पण म्हटलं जाऊ दे, पोरींचं भलं होतंय ना.

बाहेर नाश्त्याला लोचो आणि चहा होता. बशी हातात घेतली आणि तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर त्याच सासऱ्यांचं नाव.

"मॅडम, हॉलतिकीट निघत नाही," सून म्हणाली. "ऑफिसमध्ये विचारलं, तर म्हणतात हजेरीच नाही. चौघींचीही नाही. तुमच्या विभागाकडून तसंच आलंय म्हणतात."

मी बशी तशीच ठेवली आणि सरांना गाठलं. गळ्यात शाल होती, पाहुण्यांत उभे होते. बाजूला घेतलं आणि सांगितलं. मला वाटलं, ते अरेच्चा म्हणतील आणि ऑफिसला फोन लावतील. त्यांनी आधी शाल नीट केली. मग माझ्याकडे न बघता, चक्क गुजरातीत म्हणाले, "बेन, सिस्टम मां जे छे ते छे." म्हणजे सिस्टममध्ये जे आहे ते आहे.

इतक्या वर्षांत ते माझ्याशी एकटे असताना कधी गुजरातीत बोलले नव्हते. मी मुद्दाम अहिराणीत विचारलं, तुम्हीच म्हटलं होतं ना, मी शे ना. ते गुजरातीतच राहिले. म्हणाले, त्या फोनवर एका पुरुषाचं नाव आहे, तुमच्या मुलींचं नाही. तपासणीची मंडळी आत बसलीत आणि मी खोटी हजेरी लावून देऊ का?

"आत्ता तुम्ही त्यांचाच आवाज ऐकवलात," मी म्हटलं. "आत टाळ्या पडल्या त्या कुणाला?"

"ते उदाहरण होतं," ते म्हणाले. "आणि मी असं कधी म्हटलं होतं? तुमच्याकडे लिहून दिलंय?"

कुणी केसाने गळा कापतं तेव्हा कसं वाटतं ते मला त्या व्हरांड्यात कळलं. परक्याकडून मी लिहून घेतलं असतं. आपल्या माणसाकडून लिहून घेणं म्हणजे त्याचा अपमान, असं मला लहानपणापासून शिकवलेलं. आणि हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी ऑफिसला कधी काही सांगितलंच नव्हतं. उलट ऑफिसात जाऊन बघितलं, तर हजेरी कमी असल्याच्या कागदावर सही त्यांचीच होती, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीची. म्हणजे मुलींचा आवाज सभागृहाला ऐकवताना सरांना माहीत होतं की याच मुलींना आपण बाहेर काढलंय.

मी प्राचार्यांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि विभागप्रमुखांची शिफारस आणा म्हणाले. शिफारस कुठून आणू? मी पुन्हा सरांच्या दारात उभी राहिले, हातापाया पडायची तयारी ठेवून. तेव्हा त्यांनी जून महिना जवळ आल्याची आठवण करून दिली. मराठीत, अगदी प्रेमाने. मी तोंडावर बोलले त्यांच्या, जे बोलायचं ते सगळं बोलले, शेजारच्या खोलीतले लोक डोकावून गेले. काही झालं नाही. कॉलेजच्या हिशेबात सत्रभर एक झोपलेला माणूस हजर होता आणि जाग्या असलेल्या चौघी गैरहजर. परीक्षा झाली, आणि त्या चौघी घरी होत्या.

परीक्षा संपल्यावर मी पांडेसऱ्याला गेले. फोनवर सांगायची हिंमत नव्हती. जिना चढून गेले तर सून खाली बसून खडे चिकटवत होती, शेजारी नणंद. पडदा ओढलेला, मागे तेच घोरणं. सासूने पाणी दिलं, चहा टाकला, कुठे बसवू आणि कुठे नको असं केलं. ती वाईट बाई नव्हती. म्हणाली, "लेक पुढल्या वर्षी बसेल परीक्षेला, बाई. सुनेचं काय, एकदाच म्हटलं होतं आम्ही. तिनंही मान्य केलं होतं."

मी सुनेला म्हटलं, "ऐक गं, सरांनी फसवलं आपल्याला. मला त्यांनी तोंडी सांगितलं होतं, आणि मग हात वर केले."

तिने खडा उचलला, गोंदाच्या थेंबावर ठेवला, बोटाने दाबला.

"कोण सर, मॅडम?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सहन होईना. "आम्ही त्यांना कधी बघितलंसुद्धा नाही. आम्हाला तर तुम्ही सांगितलं होतं, आवाज पुरे."

मला खूप बोलायचं होतं. मी किती भांडले, कुणाकुणाच्या दारात गेले, माझी नोकरीही आता राहते की जाते. सगळं खरं होतं. पण त्या खोलीत ते बोलून तिला काय मिळणार होतं? ती ज्याच्यावर भरवसा ठेवून बसली होती ते माणूस मी होते. चहा पुढ्यात आला, तो मी गरम गरमच पिऊन टाकला आणि उठले.

दारात चप्पल घालताना मी तिला हाक मारली, तासाला मारायची तशीच, नावाने. चौघींत सगळ्यांत आधी आवाज तिचा यायचा. मी पुन्हा हाक मारली. ती माझ्यासमोरच बसली होती, खडे चिकटवत.