गोदूचं प्रस्थान

आमच्या घरातल्या प्रवासांची व्यवस्था मी बघतो, आणि आमच्या घरातले लोक फारसा प्रवास करत नाहीत.

माझी धाकटी बहीण गोदू मॅट्रिकला बसणार होती, तेव्हाची गोष्ट. लग्नानंतर वर्षातच नवरा गेला आणि ती निपाणीला आमच्याकडे परत आली. चूल सांभाळून घरीच शिकली. पास झाली तर पुण्याला कॉलेजात जाणार होती. सासऱ्यांनी परवानगी दिली होती, पण एकदाच. जमलं नाही तर मुकाट सासरी येऊन स्वयंपाकघर बघायचं.

परीक्षा बेळगावला. मोटारीची वेळ, उतरायचं घर, शाईच्या दोन दौती (एक सांडेल म्हणून!), सगळं मी लिहून काढलं. तेवढ्यात बेळगावात प्लेग उठला आणि परीक्षा पंधरा दिवस पुढे गेल्याचं वर्तमानपत्रात आलं. मी नवा कागद घेतला.

आईनं पंचांग काढलं. निघायचा नवा दिवस वाईट निघाला. त्यावर आमच्याकडे उपाय आहे. आधीच्या एखाद्या चांगल्या दिवशी प्रवाशाचं थोडं सामान शेजारी नेऊन ठेवायचं. हे प्रस्थान. माणूस तेव्हाच निघालं असं धरतात. मग प्रत्यक्षात केव्हाही निघा. लोक तांदूळ-सुपारीची पुरचुंडी ठेवतात. मी अर्धवट कामं करत नाही. गोदूची अख्खी पेटीच शेजारच्या गंगव्वाकडे नेऊन ठेवली. परीक्षेला बसायचा पास हरवू नये, म्हणून तोही पेटीच्या तळाशी.

गंगव्वा लेकीकडे संकेश्वरला गेली. जाताना दाराला वारलेल्या नवऱ्याच्या तंबाखूच्या वखारीचं कुलूप घालून गेली. ते बघून मला फार बरं वाटलं.

आणि दुसऱ्याच दिवशी नवी बातमी! परीक्षा मूळच्याच तारखेला, फक्त बेळगावऐवजी धारवाडला. मूळची तारीख म्हणजे परवा. उद्या दुपारच्या मोटारीनं बेळगाव गाठायचं, तिथून रेल्वेनं लोंढ्यावरून धारवाड.

कुलूप फोडतो म्हणालो, तर आई आडवी आली. "प्रस्थान ठेवलेल्या घराचं कुलूप फोडतोस? पोरीच्या वाटेवरच घाव घालतोस व्हय रं?"

गोदू शांत होती. "अण्णा, गंगव्वाच्या कानावर जाईल. ती येईल बघ. तू कुठं जाऊ नको."

व्यवस्था बघणारा माणूस घरात बसून राहत नसतो. सकाळच्या पहिल्या मोटारीनं मी संकेश्वरला निघालो. वाटेत समोरून एक मोटार आली. तिच्यातून एक बाई हात हलवत होती. मीही शिष्टाचार म्हणून नमस्कार केला.

संकेश्वरला गंगव्वाची लेक दारातच भेटली. "अव्वा मघाशीच किल्ली घेऊन गेली की! वाटेत दिसली न्हाय?"

दिसली होती. नमस्कारसुद्धा झाला होता.

परतीची मोटार वाटेत बंद पडली. निपाणीत पोचलो तेव्हा दिवस कलला होता. गंगव्वाच्या ओट्यावर पेटी होती आणि पेटीवर गोदू, प्रवासाचं लुगडं नेसून. बेळगावची मोटार केव्हाच गेली होती. गंगव्वानं आल्याआल्या कुलूप काढलं होतं, पास हातात होता, पण आई तिला एकटीला सोडायला तयार नव्हती. सोबतीला जाणारा मी संकेश्वरात होतो.

दुसऱ्या दिवशी धारवाडला पोचलो, तेव्हा मुलं पहिला पेपर देऊन बाहेर पडत होती. पुढच्या पेपरांना बसून उपयोग नव्हता. गोदूनं एकाकडून प्रश्नपत्रिका मागून घेतली आणि पायरीवर बसून शेवटपर्यंत वाचली.

"सगळं येत होतं," एवढंच म्हणाली.

सासऱ्यांचं बोलावणं महिन्याभरात आलं. आईनं पुन्हा पंचांग काढलं. दिवस पुन्हा वाईट. प्रस्थान ठेवावं लागणार होतं.

गोदू माझ्याकडे बघून हसली. "अण्णालाच ठेवू दे गं. म्हंजे जायचं ऱ्हाईल."

मी पेटी गंगव्वाकडे ठेवली. ती घरीच होती. कुलूप नव्हतं. मोटार वेळेवर आली, वाटेत कुठंही बंद पडली नाही, आणि गोदू ठरल्या वेळी सासरी पोचली.

इतकी चोख व्यवस्था मला पुन्हा कधी जमली नाही.