आवळीखालची पंगत

आगरदांड्याला आमच्या शेजारी राहणारे चाचा आमच्या परसातला आवळा चावून थुंकत. "रेषाळ हाय, भाभी. बुंधा कापू. नवा फुटवा आला की माझ्या बनारशीचा डोळा भरून कलम करतो." मचव्यातून आणून स्वतःच्या अंगणात लावलेली ती बनारशी जातीची आवळी त्यांची फार लाडकी. आई कशीबशी हो म्हणाली.

शिमग्यानंतर त्यांनी करवत चालवली. मग रोज येऊन साल आतून हिरवी आहे का, ते खुंटावर नख ओढून बघत आणि मान खाली घालून परत जात. पाऊस सरला, फुटवा आलाच नाही. आईने अबोला धरला. कार्तिकात आवळीखाली जेवायचं, ते आता कुठे?

आवळीभोजनाच्या सकाळी चाचांनी स्वतःच्या आवळीखाली झाडून काढलं, फाटक सताड उघडलं. "तुमचं सोवळं मोडायला नको," एवढंच म्हणाले आणि आमची पंगत उठेपर्यंत बायकोमुलांसकट धक्क्यावर उन्हात बसून राहिले.