कशावरून मामांचा पॉपअप

कुलपं उघडणारा माणूस थोडा संशयी असलाच पाहिजे, हे कुणालाही पटेल. पण संशयालाही काही धरबंध असावा की नाही! कशावरून मामांच्या संशयाला तो नव्हता. "आज ऊन फार आहे," असं कुणी म्हटलं, तरी हा गृहस्थ दुकानाच्या पायरीवर येणार, डोळ्यांवर हात धरून वर बघणार आणि मग विचारणार, "कशावरून?" त्यावरून त्यांना हे नाव पडलं आणि ते इतकं चिकटलं, की खरं नाव फक्त बायकोला आणि वीजबिलाला ठाऊक उरलं.

दुकान म्हणजे एक अरुंद खोली. आत चावी कापायचं मशीन, भिंतीभर खिळ्यांना लटकलेल्या कोऱ्या चाव्या आणि एक पाय आखूड असलेलं स्टूल. या स्टुलावर बसून मामा बिघडलेली लॅच खोलत आणि रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाकडे चष्म्यावरून बघत. हात मात्र सोन्याचे. कुलूप न फोडता, दाराला ओरखडा न काढता, चार मिनिटांत दार उघडणारा दुसरा माणूस त्या भागात नव्हता.

संशयाला कारणही होतं. बारा वर्षांपूर्वी चांगल्या कपड्यांतलं एक जोडपं आलं होतं. चावी आत राहिली म्हणाले. मामांनी दार उघडून दिलं, बाईंनी आतून पाणीसुद्धा आणून दिलं. संध्याकाळी कळलं, की घराचे खरे मालक गावाला गेले होते आणि कपाट रिकामं झालं होतं. दुसऱ्या दिवशी मामांना दिवसभर पोलीस चौकीच्या बाकावर बसवून ठेवलं. त्यांच्यावर गुन्हा काही दाखल झाला नाही, पण त्या बाकावरून उठलेला माणूस वेगळाच होता. तेव्हापासून प्रत्येक दारात ते आधी विचारत, "घर तुमचंच ना? कशावरून?" कुणी बिल दाखवायचं, कुणी भिंतीवरच्या फोटोचं वर्णन करायचं, कुणी शेजारणीला हाक मारायचं. लोक वैतागत, पण सांगत.

अख्ख्या जगात मामांनी दुकानाची दुसरी चावी एकाच माणसाला दिली होती, ती म्हणजे भाचीला. बहिणीची ही मुलगी लहानपणी याच स्टुलावर बसून कोऱ्या चाव्या आकारांप्रमाणे लावायची. आता ती झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत बसून लोकांच्या वेबसाइट बनवत असे. दुपारी जेवणाच्या वेळी मात्र ती मामांच्या दुकानात येऊन बसायची. तिच्याकडे चावी होती आणि तिथे शांतता होती.

मामांची वेबसाइट तिनेच बनवली. वर मोठ्या अक्षरांत फोन नंबर, खाली कामांची माहिती. मामांनी बघितली आणि कपाळावर आठ्या घातल्या.

"कुणीही येणार आणि नंबर बघणार? विचारपूस नाही, काही नाही?"

"मामा, लोक अडकलेले असतात. त्यांना नंबरच हवा असतो."

"कशावरून? चोरांनाही नंबरच हवा असतो. आधी नाव, पत्ता, घर स्वतःचं की भाड्याचं, ओळखीच्या शेजाऱ्याचं नाव. हे भरल्याशिवाय पुढचं काही दिसता कामा नये."

"म्हणजे पॉपअप. बाकीचं पान झाकून वर येणारी चौकट. मामा, मोबाईलवर ती सगळा पडदा व्यापेल."

"व्यापू दे! दारावर दारवान उभा असतो तेव्हा तो कोपऱ्यात उभा राहतो का?"

तिने पुन्हा एकदा सांगून बघितलं. शेवटी "दुकान तुझं," म्हणून पॉपअप लावून दिला. मामांनी आपल्या मोबाईलवर स्वतःच पहिला फॉर्म भरला, शेजारी म्हणून भाचीचं नाव घातलं आणि समाधानाने मान हलवली.

चार महिन्यांत फोन आटले. आधी दिवसाला पाच-सहा यायचे, मग दोन, मग आठवड्याला दोन. मामांनी मोबाईलवर 'कुलूप उघडून देणारे' असं शोधलं. पूर्वी त्यांचं दुकान यादीत सगळ्यात वर असायचं. आता वर होता ड्रिलवाला. हा शहराच्या दुसऱ्या टोकाचा कारागीर, कुलूप कुठलंही असो, याचा एकच उपाय. मामा खाली सरकवत राहिले, सरकवत राहिले, आणि दुसऱ्या पानावर, जुन्या कुलपांच्या चित्रांच्याही खाली, स्वतःला सापडले.

"यात काहीतरी काळंबेरं आहे," ते मामींना म्हणाले. मामी म्हणजे त्यांची बायको. तिने नवऱ्याचे बारा वर्षांचे संशय पचवले होते. "तुम्हाला वरणातही काळंबेरं दिसतं," ती म्हणाली आणि वाढत राहिली.

आणि नेमकं त्याच आठवड्यात व्हायचं ते झालं. मामा सुटे भाग आणायला गेले होते, तेव्हा ड्रिलवाल्याच्या दुकानासमोर त्यांना भाचीची स्कूटर दिसली. आत ती खुर्चीवर बसून चहा पीत होती. ड्रिलवाला हातवारे करत काहीतरी सांगत होता आणि ही वहीत लिहून घेत होती. मामांच्या पायाखालची जमीनच सरकली. ते विजेच्या खांबाआड उभे राहिले, पन्नाशी उलटलेला माणूस, हातात स्प्रिंगांचं पाकीट, आणि आपल्याच भाचीवर पाळत!

दुसऱ्या दिवशी दुपारी ती डबा घेऊन आली. मामांनी हात पुढे केला. "दुकानाची चावी दे."

"का? हरवली का तुझी?"

"ड्रिलवाल्याने किती दिले?"

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. "मी त्याला विचारायला गेले होते, मामा. तुझे फोन का बंद झाले ते. त्याच्याकडची निम्मी माणसं म्हणतात, आम्ही आधी मामांकडेच गेलो होतो, पण ते पानच उघडेना. तोच सांगत होता."

"आणि तू विश्वास ठेवलास?"

"तू स्वतः बघ. नवीन गिऱ्हाईक होऊन बघ."

मामांनी तिच्यादेखत आपला मोबाईल काढला, वेबसाइट उघडली. पान लख्ख समोर आलं. नंबर वर, माहिती खाली, पॉपअपचा मागमूस नाही. "हे बघ! कुठे अडतंय?"

"तू एकदा फॉर्म भरलायस. तुझा फोन तुला ओळखतो. घरचा कुत्रा मालकावर भुंकतो का?"

"कशावरून?" मामा म्हणाले.

तिने पर्समधून चावी काढली, काउंटरवर ठेवली, डबा उचलला आणि गेली. मामांचं समाधान तेवढ्यानेही झालं नाही. तिने दुसरी चावी करून ठेवली असली तर? त्यांनी संध्याकाळी दुकानाचं कुलूपच बदललं. नव्या कुलपाची एकच चावी त्यांनी खिशात ठेवली. त्या रात्री मामींनी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

आठवडा गेला. दोन गल्ल्या पलीकडे राहणारी एक शिवणकाम करणारी बाई पिशवी घेऊन दुकानात आली. तिने पिशवीतून एक लॅच काढून काउंटरवर आपटलं. मधोमध भोक पाडलेलं, पत्रा फाटलेला. मामांनी ते ओळखलं. तीन वर्षांपूर्वी त्यांनीच बसवून दिलं होतं.

"अरेरे! हे कुणी केलं? ड्रिलवाल्याने ना? हे तर केसाएवढ्या तारेने उघडलं असतं! मला का नाही बोलावलंत?"

बाई भडकल्या. "बोलावलं नाही? कपडे वाळत घालायला बाहेर आले आणि दार लागलं. आत गॅसवर दूध आणि दोन वर्षांची पोर! मोबाईल तेवढा हातात होता. तुमचंच नाव आठवलं, नंबर शोधला, तर तुमचं पान मला विचारतंय, घर तुमचंच का? शेजाऱ्याचं नाव काय? आत पोर रडतेय आणि मी शेजाऱ्याचं नाव भरू? ते बंद करायची फुलीसुद्धा दिसेना. पळत तुमच्याकडे यावं, तर पोर दारामागे हाका मारतेय, पाय निघेना. शेवटी ज्याचा नंबर दिसला त्याला लावला. तो शहराच्या त्या टोकाहून यायला चाळीस मिनिटं लागली. दूध उतू जाऊन गॅस विझला होता, घरभर वास. पोर दाराला चिकटून बसली होती, म्हणून वाचली."

सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, "कशाव..." आणि ते अर्ध्यावरच थांबले. बाईंनी आपला मोबाईल त्यांच्या हातात दिला.

तिथे तो होता. त्यांचा दारवान. पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. मामांनी रकान्यावर बोट ठेवलं, तर खालून टायपिंगची अक्षरं वर आली आणि उरलंसुरलंही झाकलं गेलं. फुली उजव्या कडेबाहेर गेली होती, तिचं एक टोक तेवढं दिसत होतं. मामांनी अंगठ्याने दाबलं. करंगळीने दाबलं. फोन आडवा केला, उभा केला. ज्या माणसाने आयुष्यात एका दारापुढे हार खाल्ली नव्हती, त्याला स्वतःचं दार उघडेना. नंबर त्या चौकटीच्या मागे होता आणि घर दोन गल्ल्यांवर होतं. मामांना भयंकर लाज वाटली.

बाईंच्या दाराला नवं लॅच बसवून ते थेट झेरॉक्सच्या दुकानाचा जिना चढले. भाचीने मान वर केली, पण बसायला सांगितलं नाही.

"ते काढून टाक," मामा म्हणाले.

"सगळं काढायची गरज नाही." तिचा आवाज अनोळखी गिऱ्हाइकाशी बोलावा तसा होता. "खाली दोन बोटं उंचीची पट्टी ठेवते. 'जादा चावी हवी असेल तर इथे माहिती भरा.' तीही माणूस थोडं वाचून झाल्यावर येईल. फुली अंगठ्याला सापडेल एवढी मोठी. फोनचं बटण कायम समोर, त्यावर काहीही येणार नाही."

"आणि गूगलच्या यादीत आपला वरचा नंबर गेला, त्याचं काय?"

"शोधून आलेल्या माणसाला मोबाईलवर आल्या आल्या पानच झाकलेलं दिसलं, तर गूगल ते पान खाली टाकू शकतं. तुझं तेवढ्यानेच घसरलं का, हे छातीठोक कुणी सांगणार नाही. दुरुस्त केल्यावर पुन्हा वर येईल, पण लगेच नाही. गूगलने परत येऊन पान बघायला हवं."

"आणि चोर आला तर?"

"घर कुणाचं ते दारात उभं राहून विचार. बारा वर्षं विचारतोच आहेस."

मामा माफी मागायची म्हणून आले होते, पण ते शब्द काही जिभेवर येईनात. "बरं," म्हणाले आणि जिना उतरले. ती दुपारी दुकानात आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यानंतर रोज जेवणाच्या वेळी मामा स्टुलावरून दाराकडे बघत आणि मग दुकान बंद करून घरी जेवायला जात.

दहाव्या दिवशी ते पहिला घास घेत असताना फोन वाजला. चष्मा दूर होता, नाव न बघताच त्यांनी उचलला.

"वेबसाइटवर बटण होतं, म्हणून फोन केला," पलीकडची बाई म्हणाली. "कुलूप उघडून हवंय. एका दुकानाचं. माझ्याकडे चावी होती, पण मालकाने काढून घेतली."

आवाज ओळखीचा होता. पण बारा वर्षांची सवय, वाक्य निघूनच गेलं. "दुकान तुमचंच ना?"

"ते तूच सांग, मामा."

मामा ताटावरून उठले. मामींनी विचारलं, "अहो, कुणाचं दार लागलं?" तर उत्तर द्यायला ते थांबलेच नाहीत. घरातल्याच चपला घालून ते निघाले. दुकानाच्या पायरीवर भाची डबा मांडीवर घेऊन बसली होती. मामांनी कुलूप उघडलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

"कशावरून?" भाचीने विचारलं.

मामांनी भिंतीवरच्या खिळ्यावरून एक कोरी चावी काढली, खिशातल्या चावीशेजारी मशीनमध्ये बसवली आणि कापायला सुरुवात केली.