खांद्यावरची गादी

वाटेच्या बाबतीत विनायकने मला फसवलं. पालखीच्या बाबतीत मी विनायकला फसवलं. पहिली गोष्ट साऱ्या गावाला माहीत आहे, कारण ती मीच सांगत फिरलो — चहाच्या टपरीवर, एसटीच्या थांब्यावर, तलाठ्याच्या ऑफिसबाहेर, जो ऐकेल त्याला. दुसरी मी कालपर्यंत कुणाजवळ उच्चारलेली नव्हती.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून आधी एवढं सांगतो — मी गोड माणूस नाही. चिरेखाणीवर ट्रकात दगड चढवण्यापासून सुरुवात केली, आज माझी स्वतःची खाण आहे. चिरा म्हणजे आमचा जांभा दगड, घराच्या भिंतींना लागतो तो. गिऱ्हाईक आलं की मी चिऱ्याची कडक बाजू वर ठेवतो. भुसभुशीत बाजू खाली. खोटं बोलत नाही — फक्त दगड उलटा करून दाखवत नाही.

विनायक माझा चुलतभाऊ. माझ्याच वयाचा, पण थोरल्या घरातला. तो शिकला, पोफळीच्या वीजघरात नोकरीला लागला, तिथल्या कॉलनीत राहिला आणि निवृत्त होऊन गावी परत आला. माझ्या खाणीवरून डांबरी रस्त्याला यायची जवळची वाट त्याच्या काजूच्या बागेतून जाते. त्याने मला शब्द दिला होता. "ने रे गाडी, तुला कोण अडवतो?" त्या शब्दावर मी खाण त्या बाजूला सरकवली. आणि एका सकाळी बघतो तर वाटेवर आडवा गडगा. चिरे रचलेले, चांगले कमरेइतके. तेही माझेच, बरं का — पडवी बांधायची म्हणून माझ्याकडूनच नेलेले. विचारायला गेलो तर म्हणतो, "धूळ होते रे, आईला खोकला येतो."

काकीचा खोकला मी जन्मल्यापासून ऐकतोय. मी चार माणसांत त्याच्या आईवरून — नको. बोललो ते बोललो. आमचं बोलणं तुटलं. माझे ट्रक टेकाडाला वळसा घालून जायला लागले आणि प्रत्येक खेपेला मी त्याच्या नावाने शिवी हासडत होतो. आज लिहितानाही डोकं तापतं. वाटेबद्दल मला काहीही कबूल करायचं नाही.

रक्ताबद्दल करायचं आहे.

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आम्हा धंदेवाल्यांनी रक्तदान शिबिर ठेवलं होतं. मी गेलो तो फोटोसाठी. रक्त दिलं, बिस्किटं खाल्ली, विसरलो. मग रक्तपेढीतून फोन आला — प्रत्यक्ष येऊन भेटा. मला वाटलं, सत्कार असणार. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

डॉक्टरबाईंनी दार लावून घेतलं आणि सांगितलं की माझ्या रक्तात हिपॅटायटिस बी आहे. कावीळच, पण रक्तात दडून बसणारी. डोळे पिवळे नाहीत, ताप नाही, माणूस वर्षानुवर्षं धडधाकट फिरतो. कुठून आली? ते आता सांगता येणार नाही, म्हणाल्या. कधीकाळची सुई असेल, वस्तरा असेल, जन्मतःही असू शकते.

मी काय केलं असेल? मी भाव करायला लागलो. खरंच. "कशावरून माझीच बाटली? दुसऱ्याची नसेल कशावरून?" आवाज इतका चढला की बाहेरचा शिपाई डोकावून गेला. त्यांनी शांतपणे पुन्हा तपासणी केली. पुन्हा तेच आलं. मग मी एकेक कलम घेऊन बसलो, जसा गिऱ्हाइकाशी बसतो. एका ताटात जेवलो तर? नाही पसरत. माझा पेला दुसऱ्याने घेतला तर? नाही. नातीचा पापा? घ्या की. मला चावलेला डास बायकोला चावला तर? तसं होत नाही. विळीवर बोट कापलं आणि तीच विळी दुसऱ्याने घेतली तर? तिथे त्या जरा थांबल्या. रक्त लागलेली धारेची वस्तू नीट स्वच्छ केल्याशिवाय दुसऱ्याला द्यायची नाही, म्हणाल्या. वस्तरा, ब्लेड, दात घासायचा ब्रश आपापला. घरच्यांची तपासणी करून त्यांना लस. "तुमचं रक्त दुसऱ्याच्या उघड्या जखमेत जाता नये, एवढं सांभाळा. बाकी माणसांत राहा हो."

शेवटचा प्रश्न मी उठता उठता विचारला. शिमग्याला आमच्याकडे देवाची पालखी खांद्यावर घेऊन नाचवतात. ढोल चढला की लाकडी दांडा खांद्यावर आपटतो, कातडी सोलवटते, आणि दमलेला माणूस बाजूला झाला की त्याच दांड्याखाली लगेच दुसरा खांदा येतो. डॉक्टरबाई इकडच्याच, त्यांना जास्त समजवावं लागलं नाही. म्हणाल्या, "खांद्यावर जाड कापडाची गादी घ्या. तरीही खरचटलं तर बाजूला व्हा, जखम झाका, दांडा औषधाने पुसून घ्यायला सांगा. आणि नाचा की!"

एवढंच. जाड कापड.

बायकोला मी काही सांगितलं नाही. खाणीवर सगळ्यांची तपासणी झाली, घरच्यांचीही करायला सांगितलंय — अशी थाप मारली. त्या थापेवर तिची, मुलांची तपासणी झाली, लसही झाली. दाढी घरी करायला लागलो. लोक म्हणाले, दत्ता चिकट झाला, न्हाव्याचे पैसे वाचवतो. म्हणू दे.

त्याच थंडीत विनायकचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. ऑपरेशनआधी रक्त तपासतात. त्याच्या रक्तात तेच निघालं.

एका घराण्यातले दोघे, आणि एकच रोग. लहानपणी शाळेच्या व्हरांड्यात आम्ही एका रांगेत उभे राहून सुया घेतल्या होत्या, एवढं आठवतं. तिथूनच आला का? मला माहीत नाही. फरक इतकाच, की विनायकला लपवता येत नाही. न्हाव्याच्या खुर्चीत बसला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "माझ्या रक्तात कावीळ आहे रे बाबा. पातं नवं लाव, आणि नंतर टाकून दे."

दुपारपर्यंत बातमी सगळ्या वाड्यांत. टपरीवाल्याने त्याला काचेच्या पेल्याऐवजी कागदी कप द्यायला सुरुवात केली. पूजेच्या जेवणाला त्याची बायको आपली विळी घेऊन आली, तर बायका म्हणाल्या, "राहू दे गो वहिनी, विळ्या पुरेत." शेजाऱ्याने संध्याकाळचं त्याच्या पडवीत बसणं सोडलं — डास चावतात म्हणे. मी हे सगळं बघत होतो. यातल्या प्रत्येक शंकेचं उत्तर माझ्याकडे होतं. डॉक्टरबाईंशी भांडून भांडून मिळवलेलं. त्यातलं एक तरी मी कुणाला दिलं का?

नाही दिलं. दिलं असतं तर 'तुला रे कसं माहीत?' असं कुणीतरी विचारलं असतं. ही भीती होतीच. पण नुसती भीती होती असं म्हणालो तर तीही कडक बाजू झाली. मला बरं वाटत होतं. कागदी कप त्याच्या हातात बघितला की मला तो गडगा आठवायचा — आणि बरं वाटायचं.

शिमग्याआधी देवळात गावकीची बैठक असते. होमावरून, म्हणजे होळीच्या जागेवरून, पालखी उठते तेव्हा पुढच्या दांड्याला पहिला खांदा थोरल्या घराचा. विनायकच्या बापाने दिला, आज्याने दिला. त्या बैठकीत मागून कुणीतरी विषय काढला. "खांदा सोलतो, रक्त लागतं. आमची पोरंबाळं हाईत." विनायक पुढेच बसला होता, मांडी घालून. आमचे गावकर, म्हणजे बैठकीचा शेवटचा शब्द ज्यांचा, ते माझ्याकडे वळले. "दत्ता, तू शहरात वावरतोस, डॉक्टर लोकांत तुझी ऊठबस. तूच सांग, ह्यात धोका हाय का नाय?"

मी उठलो.

"डॉक्टरांना मी विचारलंय," मी म्हणालो. "खांदा सोलला आणि ते रक्त दुसऱ्याच्या जखमेत गेलं, तर ही कावीळ होऊ शकते."

आणि बसलो.

एक शब्द खोटा नव्हता. तुम्हीच बघा — होता का? गादीचं वाक्य तेवढं मी खाली दाबून ठेवलं. मला वाटलं, आता विनायक उसळणार. माझ्याही शिव्या तोंडाशी तयार होत्या, वाटेपासून सगळ्या. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "बरं केलंस विचारलंस. मला हे सुचलंच नाही." मग गावकरांना म्हणाला, "खांदा धाकट्या घराला द्या."

धाकटं घर म्हणजे मी.

घरी येऊन मी बायकोला एक जुना टॉवेल दिला. घडीवर घडी करून तो बनियनला खांद्यावर आतून शिवून घेतला. खांदा दुखतो, म्हटलं. ती हसली. "म्हातारे झालात. आता नाचणं सोडा."

होम पेटला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. ढोल सुरू झाले आणि मी पहिला खांदा लावला. गादीने काम चोख केलं — कातडीवर ओरखडासुद्धा नाही. विनायक कडेला हात जोडून उभा होता. पुढे पालखी घरोघर फिरली तशी त्याच्याही अंगणात गेली. काकीने ओटी भरली. मग मागे सरायच्या ऐवजी ती तिथेच उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या पोराचा खांदा काढलात. देवानं काढला असता तर मी काय नाय बोलले असते. कोनी काढला, तेवढं तरी सांगा."

ढोल वाजत होते. मी तिच्यापासून हातभरावर होतो. पालखी पुढच्या अंगणात गेली.

शिमगा झाल्यावर विनायक माझ्या खाणीवर आला. चालत. आमचं बोलणं तुटल्यापासून पहिल्यांदा. चिऱ्यांच्या थप्पीवर बसला, पाणी मागितलं. मी माझ्याच पेल्यातून दिलं — तिथे कुणी बघणारं नव्हतं. तो म्हणाला, "दत्त्या, सगळे माझ्यापासून लांब सरकले. माझ्यासाठी डॉक्टरकडे कोण गेलं? तू. एवढं भांडण असताना." मी पेला परत घेतला. "गडगा काढतो मी. गाड्या ने तुझ्या. आणि एकदा मलाही घेऊन चल त्यांच्याकडे. खांद्यावर काहीतरी उपाय असेल की."

मी म्हटलं, "बघू."

गडगा त्याने काढला आणि ते चिरे माझ्याकडे पाठवून दिले. मी ते घेतले. विकलेही.

तेव्हा तरी बोलायचं होतंस, असं तुम्ही म्हणाल. हो. गादी घरात होती, डॉक्टरबाई अर्ध्या तासावर होत्या, माणूस समोर बसला होता. मी बोललो नाही. वाट उघडली होती.

त्यानंतर बरेच शिमगे झाले. पहिला खांदा माझाच. विनायक अधूनमधून डॉक्टरांचं विचारायचा, मग विचारायचा थांबला. आता पालखी दारात यायच्या आधी तो नारळ उंबऱ्यावर ठेवतो आणि आत निघून जातो. काकी वारली. तिला उत्तर मिळालं नाही.

काल मी बायकोला सगळं सांगितलं. रक्ताचं, लसीची थाप, बैठक. ती पडवीत कुळीथ निवडत होती. मला वाटलं, इतकी वर्षं तिच्यापासून लपवलं म्हणून आकांत करेल. तिला तो हक्क होता. तिने सूप खाली ठेवलं.

"मला सांगितलं असतंत तर मी दोन शिवल्या असत्या," ती म्हणाली.

मग आत गेली. अजून माझ्याशी बोललेली नाही.

मी जन्मभर दुसऱ्यांना जाब विचारत आलो. गडगा कुणी घातला, गाडी कुणी अडवली, माल कुणी फिरवला. शिमगा तोंडावर आला आहे, बैठक ठरली आहे, आणि विनायकला मी निरोप धाडला आहे की यायचंच. काकीचा प्रश्न या वेळी मी विचारणार आहे. थोरल्या घराचा खांदा कोणी काढला? त्याचं उत्तर त्या माणसाने विनायकच्या समोर, सगळ्या गावादेखत द्यायचं आहे — गादीच्या वाक्यासकट, स्वतःच्या रक्तासकट. गाव गप्प राहिलं तरी चालेल. विनायक उठून गेला तरी चालेल. पण सगळं सांगून होईपर्यंत त्या माणसाला मी खाली बसू देणार नाही.