जुळवून आणलेला आकडा

हे मी कालपर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही — आणि तिला मी किराण्याच्या बिलातली चूकसुद्धा सांगतो.

आमच्या संशोधन गटाच्या त्या ऑनलाइन बैठकीत आम्ही तिघं होतो. गटप्रमुख, मनमाडची संगीता आणि मी. मी नाशिकला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. अणुकेंद्रांच्या टकरी परदेशातल्या यंत्रात होतात. मोजमापं आमच्यासारखे लोक इथे बसून तपासतात.

प्रोटॉनच्या आत ग्लुऑन नावाचे कण असतात. ऊर्जा वाढवली की ते वाढत जातात. पण किती वाढणार? कुठेतरी इतकी दाटी होईल, की ते एकमेकांत मिसळतील आणि वाढ थांबेल. ती खूण आम्ही शोधत होतो. टकरीतून एकमेकांच्या विरुद्ध दिशेला उडणाऱ्या कणांच्या जोड्या मोजायच्या. प्रोटॉन प्रोटॉनवर आदळतो त्यापेक्षा सोन्याच्या जड, जास्त दाटीच्या अणुकेंद्रावर आदळल्यावर त्या कमी भरल्या, तर खूण मिळाली.

आमच्यात रीत अशी — एकच हिशेब दोघांनी वेगवेगळा करायचा, एकमेकांचं उत्तर न बघता. संगीताच्या जोड्या बऱ्याच घटल्या. माझ्या जवळजवळ नाहीच.

मग मी काय केलं? सामाईक संगणकावर तिचं उत्तर होतं. ते उघडून पाहिलं. निव्वळ योगायोगाने जोडीसारख्या दिसणाऱ्या, खोट्या जोड्या हिशेबातून वजा करतात — मी त्या जरा जास्त वजा केल्या. मग आणखी जरा. जुळलं.

"माझंही तेच आलंय," मी बैठकीत म्हणालो. गटप्रमुख खूश झाले. एकट्याचा वेगळा आकडा घेऊन उभं राहायची माझी हिंमत नव्हती — एवढंच.

पुढे दुसऱ्या एका गटाने चूक दाखवली. संगीता खोट्या जोड्या जास्त वजा करत होती. तिच्याच हिशेबावर जाहीर केलेला निष्कर्ष मागे घ्यावा लागला, सगळे तिच्यावर घसरले. तिने फक्त मला विचारलं, "सर, तुमची पद्धत तर वेगळी होती ना? मग तुमचं कसं जुळलं?"

"होतं असं कधीकधी," मी म्हणालो.

तिने संशोधन सोडलं. आता मनमाडला क्लास घेते.

काल तिच्या घरी गेलो, सगळं सांगितलं. ती पोहे परतत होती. तिने गॅस बंद केला.

"एकदा 'जुळत नाहीये' म्हणाला असतात ना सर, तर मी माझी चूक त्याच आठवड्यात काढली असती."

काढली असतीच.

माझा पहिला, न जुळलेला आकडा मी तिला दिला. आज सकाळी गटाला कळवला. पण आधी तिला — त्यावर पहिला हक्क तिचाच होता.