सुया वाजू द्या

हिचा खोकला तीन आठवडे झाले तरी थांबेना, तेव्हा मी देवाकडे काही मागितलं नाही. मागायला तोंड नव्हतं. आमची बोईसरची खोली लहानशी, पुढे ओटा, मागे मोरी, आणि मधल्या भिंतीतल्या कोनाड्यात दत्ताची तसबीर. ही रोज तिन्हीसांजेला तिथे दिवा लावायची आणि मी नेमका त्याच वेळी काहीतरी निमित्त काढून ओट्यावर जाऊन बसायचो. एका संध्याकाळी वात पेटवता पेटवता तिला उबळ आली. दोन हातांनी कोनाड्याची कड धरून ती खोकत राहिली. मी बाहेर बसल्या बसल्या सुईवरचे टाके मोजत राहिलो, जणू ऐकूच आलं नाही. ऐकू न आल्याचं सोंग मला फार चांगलं येतं. ते कुठे शिकलो, हेच आज सांगायचं आहे. इतकी वर्षं घराबाहेर कुणाला सांगितलं नाही.

मी विणकाम करतो. पुरुषमाणूस असून लोकर विणतो, आणि तेही बोईसरच्या घामट हवेत, याचं लोकांना हसू येतं. येऊ दे. साठ सालाच्या सुमारास मी पालघरला एका कचेरीत कारकून होतो तेव्हा मला क्षय झाला, आणि घाटावरच्या एका आरोग्यधामात मी सव्वा वर्ष काढलं. लांबच लांब व्हरांडा, त्यात खाटांची रांग, आणि टोकाला बांबूची तट्टी. तट्टीच्या पलीकडे भेटायला येणाऱ्यांसाठी बाक होता. माझी खाट तट्टीला लागून. शेजारच्या खाटेवर उत्तरेकडचा एक म्हातारा फौजी होता. सायकलच्या चाकातल्या तारा दगडावर घासून त्यानं सुया केल्या होत्या आणि दिवसभर तो मोजे विणायचा. मी भिंतीकडे तोंड करून पडलेलो असायचो. जेवण जात नव्हतं, पत्र लिहवत नव्हतं, सकाळ झाली की आता हा दिवस संपवायचा कसा असं वाटायचं. डॉक्टर छातीची चौकशी करत. मनाची चौकशी करण्याची पद्धत तिथे नव्हती. एके दिवशी फौजीनं दोन सुया माझ्या पांघरुणावर टाकल्या. म्हणाला, "हाथ चलता रहे तो दिल नहीं डूबता, बाबूजी." सुलट टाका, उलट टाका, त्यानंच शिकवलं. हात चालू लागले आणि मन अगदी तळाला जायचं तेवढं थांबलं.

महिन्यातून एका रविवारी ही मला भेटायला यायची. पालघरहून पहाटेची गाडी, मग दुसरी गाडी, मग स्टेशनपासून टेकडी चढून पायी. एवढं चढून आली तरी तिला धाप लागलेली नसायची. तट्टीपलीकडून वॉर्डातल्या शिपाईमामांना विचारणारा तिचा मोकळा, खणखणीत आवाज यायचा, "मामा, कसे आहेत आमचे?" आणि मला राग यायचा. लिहायला लाज वाटते, पण खरं तेच लिहितो. ती ठणठणीत होती म्हणून मला तिचा राग यायचा. ती भरून श्वास घेत होती आणि तो जणू माझ्या वाटचा घेत होती. एका रविवारी मी वॉर्डातल्या मामांना खूण केली, सांगा झोपलेत म्हणून. पहिल्या वेळी वाटलं, आज नको, पुढच्या खेपेला बोलू. मग ती सवय झाली. असं मी पाच वेळा केलं. ती तासभर बाकावर बसायची आणि डबा मामांच्या हाती देऊन जायची. मी इकडे पांघरुणाखाली विणत असायचो. डब्यात बेसनाचे लाडू असायचे. ते मी खायचो. हेही सांगूनच टाकतो. भेटलो नाही, पण लाडू खाल्ले.

बरा होऊन घरी आलो. तिनं एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर भांडलो असतो, रडलो असतो, सुटलो असतो. तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आम्हाला मूलबाळ नाही, घरात तिसरं माणूस नाही, त्यामुळे ते न बोललेलं आमच्यामध्ये पाटावर येऊन बसल्यासारखं असायचं. पुढे तारापूरच्या बाजूला विजेच्या प्रकल्पाचं मोठं काम निघालं, एका ठेकेदाराकडे सामानाच्या कोठीवर मला नोकरी लागली आणि आम्ही बोईसरला आलो. चार वर्षं बरी गेली. आणि मग हिला खोकला लागला.

पालघरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, थुंकी तपासायला घेतली, आणि आठ दिवसांनी या म्हणाले. परत येताना एस.टी.त ती खिडकीबाहेर बघत होती आणि मी तिच्याकडे. माझी खात्री पटली होती. माझाच रोग तिला लागला होता. नुसता लागला नव्हता, मी तिच्या श्वासाचा हेवा केला होता आणि देवानं तो ऐकला होता. इतर काही ऐकलं नाही त्यानं कधी, नेमकं तेवढं ऐकलं.

त्या आठ दिवसांत मी तिच्यासाठी स्वेटर विणायला घेतला, जांभळ्या रंगाचा. पाठ निम्मी झाली तेव्हा दिसलं की वीसेक ओळी खाली एक टाका सुटला आहे आणि तिथून वरपर्यंत शिडीसारखी फट पडली आहे. सुटलेला टाका कसा उचलायचा ते मला येत होतं. पण मी ते केलं नाही. आतल्या बाजूनं दोरा घालून फट आवळून टाकली आणि पुढे विणत राहिलो. वरून कळत नव्हतं.

पाचव्या दिवशी कामाला सुट्टी होती. मला सकाळपासून ओट्यावर गप्प बसलेलं बघून हिनं माझ्या पिशवीत एक नारळ घातला. म्हणाली, "जा जरा समुद्रावर. दांडी गावच्या देवीपुढे नारळ ठेवून या. तुमचं तोंड बघून मला जास्त खोकला येतो."

एस.टी.तून उतरून खाजणाच्या बांधावरून चालत दांडीला पोचलो. बोंबील वाळत होते, वाऱ्याला त्यांचा वास होता. किनाऱ्याजवळचं छोटं देऊळ सापडलं, पण दाराला कुलूप. मला वाटलं, बरोबरच आहे. पायरीवर एक म्हातारा जाळं पसरून बसला होता. अंगठ्यात जाळ्याची कड धरून लाकडी सुईनं तो गाठी मारत होता.

"चावी माज्या सुनंकडं हाय," वर न बघताच तो म्हणाला. "ती बाजारात गेली. बसा. देवी काय पलून जात नाय."

बसलो. रिकामं बसवत नाही म्हणून पिशवीतून विणकाम काढलं. मासळीची टोपली घेतलेली एक बाई जाता जाता थबकली.

"अगो बाय! बाप्या मानूस सवेटर विनतो!"

"मंग मी काय करतो गो?" म्हातारा म्हणाला. "मी पन विनतोच ना."

"तू पोटासाटी विनतोस. ह्ये कोनासाटी?"

"बायकोसाठी," मी म्हणालो.

"नशीब काडलान तुमच्या बायकोनं," असं म्हणून ती हसत निघून गेली. मला मान वर करवेना.

मी म्हाताऱ्याच्या हातांकडे बघत राहिलो. जाळ्याला वीतभर भोक पडलं होतं. तो आता तिथे गाठ मारणार असं मला वाटलं, तर त्यानं कमरेची सुरी काढली आणि भोकाच्या कडेचे दोरे भराभर कापायला लागला. वीतभराचं भोक हातभर झालं. विणणाऱ्या माणसाला कापणं बघवत नाही. मी ओरडलोच, "अहो, हे काय करता? सांधायचं सोडून फाडताय?"

तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून हसला. "भोकाची कड कुजलेली असते. तिच्यावर गाठ मारली तं धरत नाय. वरून दिसते बरी, पान्यात गेली का सुटते. चांगला दोरा लागंपर्यंत कापायचा. भोक मोटा होते, होऊ दे. आदी मोटा झाल्याबिगर बुजत नाय."

एवढंच तो बोलला आणि पुन्हा कामाला लागला. त्याला वाटलं असेल, मी जाळ्याबद्दल विचारतोय. माझ्या हातात आतून आवळलेली ती जांभळी पाठ होती. मी ती उलटी केली, माझा दोरा दिसला, आणि डोळे भरून आले. सुनेची वाट न बघता मी नारळ कुलपाखालच्या उंबऱ्यावर ठेवला आणि किती तरी वर्षांनी हात जोडले. बरं कर असं म्हणालो नाही. एवढंच म्हणालो, मला बोलता येऊ दे.

घरी आलो तेव्हा दुपार कलली होती. ही दारात ताट घेऊन तांदूळ निवडत होती. पिशवी खाली ठेवायच्या आधीच मी म्हणालो, "मी झोपलेला नव्हतो."

"कधी?"

"तिकडे. आरोग्यधामात. पाचही वेळा जागा होतो."

तिचा हात ताटात थांबला. मग तिनं एक खडा उचलला, अंगणात टाकला.

"माहीत आहे की."

मी पिशवी खाली ठेवली. ती म्हणाली, "मामा सांगायचे झोपलेत, आणि तट्टीपलीकडून सुया वाजत असायच्या. टिक टिक टिक. तुमच्या त्या फौजीच्या सुया जड वाजायच्या, तुमच्या अडखळायच्या. झोपलेला माणूस विणतो होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"पहिल्यांदा स्टेशनपर्यंत रडत गेले. दुसऱ्यांदा म्हटलं, ऐकत तरी बसू. मधेच आवाज थांबायचा, तुम्हाला खोकला यायचा. तेवढ्यात माझा जीव खालीवर व्हायचा. मग पुन्हा टिक टिक सुरू. सुरू झालं की कळायचं, माणूस आहे. मग उठायची मी. तेवढ्यासाठीच यायची."

मग मी सगळंच सांगितलं. तिच्या श्वासाचा राग यायचा, तेसुद्धा. भोक हातभर झालं. ते ऐकून तिला लागलं हे मला दिसत होतं. शेवटी पदरानं नाक पुसून म्हणाली, "मला राग नव्हता असं समजू नका. तुम्ही घरी आल्यापासून बेसनाचे लाडू केलेत का मी एकदा तरी? लक्षात आलं नाही तुमच्या?"

"मला वाटलं, साखर मिळत नाही."

यावर ती इतकी हसली की हसता हसता उबळ आली. या वेळी मी उठलो आणि तिची पाठ धरली.

आठव्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या बाजूला डाग आहे, लहान आहे, लवकर कळलं. मी मान खाली घातली. बाहेर आल्यावर तीच मला म्हणाली, "घेतलं तर तुमचंच घेतलं ना, परक्याचं तर नाही?" देवानं चमत्कार केला असं मी म्हणणार नाही. रोग टळला नाही. पण तो आमच्या घरात आला तेव्हा आमच्यामध्ये पाटावर दुसरं काही बसलेलं नव्हतं, आणि याला दया म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं, हे मला माहीत नाही. दीड वर्ष इंजेक्शनं, गोळ्या, दूध, विश्रांती. पथ्य म्हणून तिची खाट आतल्या बाजूला, माझं अंथरूण ओट्यालगत, मधे पडदा. सुट्टीच्या दिवशी दुपारी ती डोळे मिटून पडायची. झोप लागली असेल म्हणून मी सुया थांबवल्या की पडद्यामागून आवाज यायचा, "अहो, जागी आहे मी. सुया वाजू द्या."

तो स्वेटर मी त्याच आठवड्यात हाती घेतला. आतला दोरा कापला, फट पुरती उघडू दिली, आणि खाली सापडलेला टाका ओळीओळीनं वर चढवत आणला. तिनं तो बोईसरच्या उकाड्यात घातला आणि घामानं भिजून शेजारणींना दाखवून आली.

थंडीत मी लोकरीची कानटोपी विणून दांडीला गेलो. म्हातारा त्याच पायरीवर होता. तुमच्या त्या दिवशीच्या बोलण्यानं माझं घर वाचलं, असं काहीतरी मी बोलायला लागलो. तो गोंधळला. "मी काय बोललो? जाल्याचा बोललो असंन." मग टोपी डोक्यावर चढवून म्हणाला, "पहाटं होडीत लई गार वाजतं. बेस झाला." त्या दिवशी देवळाचं दार उघडं होतं. आत जाऊन बघितलं, छोटीशी शेंदरी मूर्ती, पुढ्यात कुणाकुणाचे नारळ. माझ्या वेळी तिनं दार उघडलं नाही, पायरीवर माणूस बसवून ठेवला, आणि त्या माणसालाही सांगितलं नाही कशासाठी.

आता ही बरी आहे. माझी बोटं सकाळी आखडतात, आणि मन अजून कधी कधी तळाला जातं. ते गेलंच नाही असं लिहिलं तर पुन्हा आतून दोरा घातल्यासारखं होईल. पण तसं झालं की आता मी तिला सांगतो. आज जरा खाली आहे म्हणतो. ती बरं म्हणते आणि जवळ येऊन बसते. तिन्हीसांजेला मी ओट्यावर जात नाही, दिव्यापाशी बसतो. शरण जाणं म्हणजे काही मोठं असेल असं मला वाटायचं. मला जमलं ते इतकंच, की ज्याला ठाऊकच आहे त्याच्यापासून लपवायचं सोडून दिलं.

गेल्या दिवाळीच्या आदल्या दिवशी मी दुपारी डोळे मिटून पडलो होतो. घरात बेसन भाजल्याचा वास येत होता. ही वाटी घेऊन उशाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काय हो, कुणी आलं तर काय सांगू, झोपलेत?"

मी उठून बसलो.