वार लहान

ती घटना विसरावी असं अनेकदा वाटलं, पण ती आजही आठवते.

मी शहापूर तालुक्यात एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. शेणव्याकडच्या एका गावातून शेजाऱ्याचा फोन आला. "तीन दिवसांचं पोर थरथरतंय, किंचाळतंय, पीत नाय. थोरल्या जावेला मूल नाय. तिनंच कायतरी चारलंय." बाळ-बाळंतिणीला रुग्णालयात पाठवलं आणि जावेला चौकशीसाठी आणलं.

माझ्या हाताखाली एक तरुण महिला फौजदार होत्या. नुकतंच वरिष्ठांनी बैठकीत त्यांचं कौतुक केलं होतं, माझं नाव घेतलं नव्हतं. ते सलत होतं.

बाळंतिणीसोबत रुग्णालयात गेलेल्या या फौजदारबाईंचा निरोप आला. अंमलदाराने लिहून घेतला : 'वार लहान. आईला जपून विचारावं लागेल.'

मी थेट जावेसमोर बसलो. "वार कशानं केलास? विळा कुठाय?"

"कसला वार, साहेब? त्या पोराला न्हाऊ मीच घालते."

विळा जप्त करायला माणूस धाडला.

फौजदारबाई परतल्या. "सर, वार म्हणजे बाळंतपणात बाळामागून पडते ती, नाळ जोडलेली असते ती. नर्स म्हणते, ती लहान होती, बाळाचं वजनही कमी. आईनं गरोदरपणात कसली तरी गोळी घेतली असावी."

अंमलदार पुटपुटला, "साहेब आता वारेवर कलम लावतात का काय!" सगळे हसले.

बाई बरोबर आहेत हे मला कळलं होतं. तरी म्हणालो, "तुम्ही डॉक्टर कधी झालात? मी सांगेपर्यंत आईला काही विचारायचं नाही." जावेला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. तिकडे बाळाला झटके आले.

बाईंनी माझा हुकूम मोडला. त्या आईजवळ जाऊन बसल्या. तिने उशाखालून गोळ्यांचं पाकीट काढलं. कंबरदुखीसाठी मुरबाडहून चिठ्ठीशिवाय आणलेल्या, अफूच्या जातीच्या. सवय लागली होती, लाजेने बोलली नव्हती. डॉक्टर म्हणाले, हे औषध वारेतून बाळापर्यंत जातं, वारही नीट वाढत नाही. जन्मल्यावर ते एकदम तुटतं, म्हणून बाळ तडफडतं. कारण कळल्यावर उपचार बदलले. बाळ वाचलं.

अहवालात मी लिहिलं, 'माझ्या चौकशीत निष्पन्न झाले.' प्रशंसापत्र मलाच मिळालं.

मत्सरातून गुन्हे घडतात, असं मी नव्या शिपायांना शिकवत असे. त्या दिवशी ठाण्यात मत्सर करणारा माणूस एकच होता, आणि तोच चौकशी करत होता.

गेल्या महिन्यात जावेची माफी मागायला गेलो, हे सगळं लिहायचंय असंही सांगितलं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. लिवायचं तं लिवा, पन माझ्या जावेचं नाव नका घालू. पोर शाळेत जातंय."

म्हणून इथे कोणाचंच नाव नाही. फौजदारबाईंचंही नाही. तपास मात्र त्यांचाच होता.